पायचक्की आणि बर्फवाट

थंड प्रदेशातील लांब पल्ल्याच्या धावपटूंपुढे दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास एकच प्रश्न उभा राहतो : पुढचे चार-पाच महिने सराव चालू ठेवायचा कसा? ऑस्लोत डिसेंबरच्या अखेरीस दिवसाचा उजेड जेमतेम सहा तासांचा. अलास्कातील अँकरेजला त्याहूनही कमी. रस्त्यावर ताजा बर्फ, त्याखाली काचेसारखा गुळगुळीत झालेला जुना बर्फ, आणि श्वासाबरोबर छातीत शिरणारी बोचरी हवा. अशा वेळी दोनच मार्ग उरतात. एक, बर्फ तुडवीत बाहेर धावणे. दुसरा, चार भिंतींच्या आत ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर धावणे. वसंत ऋतूतील मॅरेथॉनचा निकाल बऱ्याच अंशी याच महिन्यांत ठरत असल्यामुळे हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

या दोन मार्गांविषयी एक समज रूढ आहे. बर्फवाट म्हणजे निसर्ग, मोकळीक, मर्दुमकी. पट्टा म्हणजे यंत्र, कोंडमारा, कंटाळा. साहित्याच्या अभ्यासकांना ही मांडणी ओळखीची वाटेल, कारण निसर्ग विरुद्ध यंत्र हे द्वंद्व स्वच्छंदतावादी साहित्याने आपल्या मनात इतके खोल रुजवले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही आपल्याला भासत नाही. इतिहास मात्र या समजाला फारसा दुजोरा देत नाही. तो इतिहास थोडक्यात मांडणे आणि त्यातून हाती काय लागते ते पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ यंत्रापासून करू. ‘ट्रेडमिल’ हा शब्द व्यायामशाळेत आला तो तुरुंगातून. इंग्लंडमधील अभियंता विल्यम क्यूबिट याने १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी एक यंत्र योजिले. लांबलचक आडवा लाकडी पिंप, त्याच्या घेरावर थोड्या थोड्या अंतराने बसविलेल्या पायऱ्या; कैद्यांनी वरच्या दांडीला धरून एकामागून एक पायरी चढावयाची, आणि त्यांच्या भाराने पिंप फिरत राहावयाचा. चढणारा वर कधीच पोहोचत नाही, कारण प्रत्येक पायरी त्याच्या पायाखालून खाली जाते. हिला आपण पायचक्की म्हणू. लंडनमधील ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ती १८२१ मध्ये बसली आणि तिची कीर्ती सर्वदूर पसरली. काही ठिकाणी तिच्यावर धान्य दळले जाई वा पाणी उपसले जाई. परंतु पुष्कळ ठिकाणी ती काहीच करीत नसे, नुसती हवा कापीत फिरत असे. शेजाऱ्याशी बोलता येऊ नये म्हणून पुढे पुढे कैद्यांमध्ये फळ्यांचे आडोसेही घालण्यात आले. न्यूयॉर्कमध्ये ही चक्की बसल्यावर जेम्स हार्डी या लेखकाने १८२४ मध्ये तिचा एक इतिहास लिहिला. या चक्कीची दहशत तिच्या कष्टांत नसून तिच्या न संपणाऱ्या एकसुरीपणात आहे, असे त्याचे निरीक्षण होते. कंटाळा हेच येथे शिक्षेचे हत्यार होते.

मराठी वाचकाला या ठिकाणी अंदमानातील कोलू आठवल्यावाचून राहणार नाही. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मध्ये बैलाच्या जागी जुंपलेल्या कैद्यांचे जे वर्णन आहे, ते या चक्कीच्या कुळातलेच. तिथे रोज ठरलेल्या वजनाचे तेल तरी निघे. पायचक्कीत पुष्कळदा तेवढेही निघत नसे. ‘घाण्याचा बैल’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार कष्टांपेक्षा निष्फळ फेऱ्यांवर बोट ठेवतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

साहित्याच्या इतिहासात या चक्कीची एक नोंद आहे. मे १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डला दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि पेंटनव्हिलच्या तुरुंगात त्याला पायचक्कीवर चढविण्यात आले. सुटकेनंतर त्याने लिहिलेले ‘द बॅलड ऑफ रेडिंग जेल’ हे दीर्घकाव्य १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कवीच्या नावाच्या जागी त्याच्या कोठडीचा क्रमांक, सी. ३. ३., छापला होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तुरुंगविषयक नवा कायदा झाला आणि त्यानंतर काही वर्षांतच पायचक्की तेथील तुरुंगांतून हद्दपार झाली.

यंत्राचा दुसरा जन्म रुग्णालयात झाला. सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट ब्रूस हे हृदयरोगतज्ज्ञ आणि वेन क्विंटन हे उपकरणकर्ते यांनी १९५० नंतरच्या दशकात विजेवर चालणारा पट्टा हृदयाच्या तपासणीसाठी वापरात आणला. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवीत नेण्याची ब्रूस यांची पद्धत १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. चाळिशी ओलांडलेल्या मराठी मध्यमवर्गीयाला ‘टीएमटी’ या तीन अक्षरांनी जी तपासणी ठाऊक असते, तिचे मूळ येथे आहे. पुढे १९६८ मध्ये केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आले. ते वाचून न्यू जर्सीतील अभियंता विल्यम स्टॉब याने घरात ठेवता येईल असा स्वस्त पट्टा तयार केला. शिक्षेचे यंत्र दीडशे वर्षांत आरोग्याचे यंत्र होऊन माणसाच्या घरी आले.

आता यंत्र बाजूला ठेवून बर्फाकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात लांब पल्ल्याच्या धावण्यावर फिनलंडचे राज्य होते. पावो नुर्मीने १९२० ते १९२८ या काळात नऊ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली. शेजारच्या स्वीडनला हे सलत होते. तेथील प्रशिक्षक गोस्टा होल्मेर यांनी १९३० नंतर ‘फार्टलेक’ ही पद्धत रुजविली. या स्वीडिश शब्दाचा अर्थ ‘वेगाचा खेळ’. घड्याळ आणि आखीव मैदान सोडून जंगलातील वाटांवर धावावयाचे. मनात येईल तेव्हा वेग वाढवावयाचा, दम लागला की उतरवावयाचा. या पद्धतीचे बर्फाशी असलेले नाते महत्त्वाचे आहे. मऊ बर्फात पाऊल रुतते, पाय दरवेळी उचलून काढावा लागतो, टणक बर्फावर पावले आखूड टाकावी लागतात. किलोमीटरला किती मिनिटे लागली हा हिशेबच तिथे निरर्थक ठरतो, आणि धावणाऱ्याला आपल्या श्वासावरून प्रयत्नाचे मोजमाप करावे लागते. उत्तर स्वीडनच्या जंगलपट्टीत वाढलेला गुंडर हेग हिवाळ्यात खोल बर्फातून धावून पाय कमावीत असे. १९४२ च्या उन्हाळ्यात, तीन महिन्यांहून कमी काळात, त्याने १५०० मीटरपासून ५००० मीटरपर्यंतच्या अंतरांत मिळून दहा जागतिक विक्रम केले. उन्हाळ्यात दिसले ते हिवाळ्यात घडलेले होते.

चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक हा याच परंपरेतला, पण स्वभावाने निराळा. तो सैन्यात होता आणि लष्करी बूट घालून बर्फात सराव करी. कपडे धुवावयाचे असले की ते टबात टाकून त्यांच्यावर जागच्या जागी धावत असे, अशीही कथा त्याच्याविषयी सांगतात. म्हणजे बर्फवाटेचा हा महापुरुष घरात एका प्रकारच्या पायचक्कीवरही चढत होता! १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. हा पराक्रम आजवर दुसऱ्या कोणाला साधलेला नाही. पुढे १९६८ च्या प्राग वसंताला पाठिंबा दिल्यामुळे त्याची सैन्यातून हकालपट्टी झाली आणि देशाच्या या वीराला जमिनीत भोके पाडणाऱ्या तुकडीबरोबर मजुरी करावी लागली. फ्रेंच कादंबरीकार जाँ एश्नोज याची ‘कूरीर’ (२००८) ही छोटेखानी कादंबरी त्याच्याच आयुष्यावर आहे. मोकळ्या बर्फात धावणारा माणूस मोकळाच असतो असे नाही, हे झाटोपेकच्या चरित्रावरून कळते.

अॅलन सिलिटोची ‘द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’ (१९५९) ही दीर्घकथा याच मुद्द्याला थेट भिडते. तिचा निवेदक कॉलिन स्मिथ हा चोरीबद्दल सुधारगृहात डांबलेला कामगारवस्तीतील मुलगा. त्याला पळण्याचे अंग आहे हे ओळखून सुधारगृहाचा प्रमुख त्याला भल्या पहाटे, गोठलेल्या शेतांतून एकट्याने धावण्याची सवलत देतो. मुलाने शर्यत जिंकून संस्थेसाठी चषक आणावा, ही त्यामागची अपेक्षा. त्या गारठलेल्या पहाटेत कॉलिनला क्षणभर आपण पृथ्वीवरचा पहिला माणूस असल्यासारखे वाटते. आणि तरीही ते धावणे त्याचे नाही, ते प्रमुखाच्या मालकीचे आहे, हेही त्याला पक्के ठाऊक असते. म्हणूनच शर्यतीत सर्वांच्या पुढे असताना तो अंतिम रेषेपाशी मुद्दाम थबकतो आणि हरतो. निसर्ग, गारवा, एकांत, सर्व काही असून तो कैदी आहे. आणि थांबणे हीच त्याची एकमेव स्वतंत्र कृती ठरते. पायचक्कीवरच्या कैद्याला हे थांबणेच नाकारलेले होते. त्या दृष्टीने सिलिटोची कथा वाइल्डच्या चक्कीचे उत्तररूप म्हणून वाचता येईल.

या पार्श्वभूमीवर नॉर्वेच्या दोन धावपटू स्त्रियांकडे पाहावे. ग्रेटे वाइट्झ ही ऑस्लोतील शिक्षिका. शाळा सुरू होण्यापूर्वी, हिवाळ्याच्या मिट्ट काळोखात, ती बाहेर धावून येई. १९७८ ते १९८८ या काळात तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन नऊ वेळा जिंकली. तिची समकालीन इन्ग्रिड क्रिस्टियानसेन ही मूळची बर्फावर स्की करणारी खेळाडू, म्हणजे बर्फाला बिचकणारी नव्हे. पण तिने हिवाळी सरावाचा मोठा भाग ट्रेडमिलवर केला. १९८३ मध्ये तिला मुलगा झाला, आणि तान्हे मूल घरात असताना घरातल्या पट्ट्यावर धावता येणे याचा अर्थ कोणत्याही आईला समजावून सांगावा लागणार नाही. एप्रिल १९८५ मध्ये लंडनला तिने २ तास २१ मिनिटे ६ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. तो जागतिक विक्रम १९९८ पर्यंत अबाधित राहिला. एकाच देशातला एकच हिवाळा; एकीने बाहेरची वाट घेतली, दुसरीने आतली, आणि दोघीही जगाच्या पुढे गेल्या.

अलास्कातील ख्रिस्टीन क्लार्कचे उदाहरण याहूनही बोलके. अँकरेजमध्ये राहणारी ही डॉक्टर, रोगनिदानशास्त्राची तज्ज्ञ, दोन मुलांची आई. अलास्काच्या हिवाळ्यात तिने आपला बहुतेक सराव घरातल्या ट्रेडमिलवर केला. फेब्रुवारी २००० मध्ये दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया येथे ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या महिला मॅरेथॉनची निवड-शर्यत झाली. त्या दिवशी चांगलाच उकाडा होता. नामांकित धावपटू गळत गेल्या आणि जिच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते ती क्लार्क २ तास ३३ मिनिटे ३१ सेकंदांत पहिली आली. उबदार खोलीत महिनोन्‌महिने घाम गाळलेल्या शरीराला तो उकाडा परका नव्हता. सिडनी ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये अमेरिकेच्या वतीने धावणारी ती एकमेव स्त्री होती, आणि तिथे तिने आपली वेळ आणखी सुधारून एकोणिसावा क्रमांक मिळविला.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मिशेल फूकोने १९७५ च्या ‘डिसिप्लिन अँड पनिश’ या ग्रंथात दाखविले की आधुनिक काळात शिस्तीला दंडुक्याची गरज उरत नाही. माणूस स्वतःच स्वतःचा पहारेकरी होतो. मग घरी आणलेली ट्रेडमिल ही माणसाने स्वखुशीने आत ओढून घेतलेली पायचक्कीच नव्हे काय? पट्ट्यासमोरचे लुकलुकणारे आकडे, हृदयाचे ठोके, जळलेल्या उष्मांकांची बेरीज हे सारे पाहता या आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य करावयास हवे. शरीर कोणाच्या तरी मापात बसविण्यासाठी पट्ट्यावर चढणारी माणसे आपल्या अवतीभवती पुष्कळ आहेत. परंतु हे विवेचन क्लार्कपाशी येऊन अडखळते. तिला धावावयास कोणी सांगितले नव्हते, तिच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती, आणि तिने सराव सोडला असता तर कोणाच्या ते लक्षातही आले नसते. पहारेकरी आतला म्हणावा तर तो कोणाच्या वतीने पहारा देत होता, याचे उत्तर फूकोकडून सहजी मिळत नाही.

आपल्या परंपरेत या अनुभवासाठी एक शब्द आहे : रियाज. पहाटे उठून तासन्‌तास एकच स्वर लावणारा गायक बाहेरून पाहणाऱ्याला घाण्याच्या बैलासारखाच दिसेल. तीच फेरी, तोच स्वर, तोच पट्टा. पुनरावृत्ती दोन्हीकडे सारखीच असते. तिचा धनी कोण, एवढाच फरक असतो. पायचक्कीवर वेग दुसऱ्याचा, वेळ दुसऱ्याची, फळ दुसऱ्याचे किंवा कोणाचेच नाही, आणि थांबण्याचा अधिकार तर मुळीच नाही. रियाजात हे चारही आपल्या हाती असतात. कंटाळा मात्र रियाजातही असतो, आणि तो सोसण्याचे स्वातंत्र्यही रियाज करणाऱ्याचेच असते.

म्हणून हिवाळ्यात बाहेर धावावे की आत, या प्रश्नाचे उत्तर हवामान, पावलाखालची जमीन, घरातले मूल आणि हाताशी असलेला तासभर यांनी ठरवावे. स्वच्छंदतावादाने ठरवू नये. बर्फवाटेवर कॉलिन स्मिथ कैदी होता आणि अँकरेजच्या एका बंद खोलीत, एकाच जागी शेकडो मैल धावलेली क्लार्क स्वतंत्र होती. क्यूबिटच्या चक्कीला नव्हती अशी एक लहानशी गोष्ट तिच्या यंत्रावर होती : थांबविण्याचे बटण. ते तिच्या हाताशी होते, आणि हिवाळा सरेपर्यंत ती रोज पुन्हा त्या पट्ट्यावर चढत राहिली.