विज्ञानाची पदवी आणि आपले घर



इब्न सीना, अल्-ख्वारिज्मी यांची नावे आपण सभा-संमेलनांतून अभिमानाने घेतो. ते योग्यच आहे. परंतु हजार वर्षांपूर्वीच्या वैभवाने आजच्या मुलाची कॉलेजची फी भरली जात नाही. म्हणून जरा जवळचा इतिहास पाहू.

१८६४ साली सर सय्यद अहमदखान यांनी गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. इंग्रजीतील शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणणे हे तिचे प्रमुख कार्य. १८७५ मध्ये त्यांनी अलिगढ येथे शिक्षणसंस्था काढली. १९२० साली तिचे विद्यापीठ झाले. याच विद्यापीठाचे एम.एस्सी. ओबेद सिद्दीकी ग्लासगोहून पीएच.डी. होऊन १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व तेथे त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. संस्थेचे झाड असे पिढ्यांनंतर फळते.

परंतु संस्थेइतकेच घरही महत्त्वाचे. अब्दुल कलाम हे रामेश्वरमच्या एका होडीमालकाचे चिरंजीव. त्रिचनापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन ते १९५४ साली बी.एस्सी. झाले. पुढे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांची निवड झाली. पण प्रवेशासाठी लागणारे सुमारे १००० रुपये वडिलांजवळ नव्हते. तेव्हा त्यांची बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. त्या आपल्याच कमाईने सोडवायच्या, असा निश्चय करून भावाने शिष्यवृत्तीसाठी कसून अभ्यास केला. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, त्या प्रकल्पाचे प्रमुख हेच अब्दुल कलाम.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात दोन आकडे आहेत. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत जाणारी शेकडा ३ च होती. पण २००१ च्या जनगणनेप्रमाणे वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर व पदविकाधारक मिळून शेकडा ४ सुद्धा नव्हते. म्हणजे आपण शिक्षणाकडे पाठ फिरवली, हे म्हणणे खरे नाही. मुले शाळेत जातात, वाटेत गळतात. तिथेच त्यांना हात हवा.

पालकहो, दागिना लग्नासाठी जपला जातो, तसा थोडा शिक्षणासाठीही राखून ठेवा. आणि एक विसरू नका : भावाच्या शिक्षणासाठी गहाण पडल्या त्या बहिणीच्या बांगड्या. आता विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या मुलीसाठी आपण काय काढून देणार? विद्यार्थी मित्रहो, तुमच्या फीमागे कोणाच्या बांगड्या आहेत, हे ध्यानात ठेवूनच पुस्तक उघडा.