शनवार तेल्यांच्या मशिदीत

डोळे मिटायची गरज नाही, उघडेच ठेवा. फक्त कोळशाचा कण जाणार नाही एवढं बघा. साल 1968. तुम्ही लातूरहून बार्शी लाइटमध्ये बसलाय. रूळ अडीच फुटी, डबा असा अरुंद की समोरच्याचे गुडघे तुमच्या गुडघ्यांना भिडलेत. चढावर गाडी इतकी मरगळते की एक जण उतरून बाभळीआड जाऊन येतो आणि पुन्हा तीच गाडी पकडतो. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसायचं. नांदेडकर असाल तर मनमाडला. घाम दोघांचा सारखाच.

शुक्रवारी ऊन उतरताना व्हीटी. तिथून लोकलनं एकच स्टेशन: मशीद. फलाटावर पाय टेकायच्या आधीच मिरची नाकात शिरते. मागोमाग खजूर, हळद, भिजलेलं गोणपाट. ‘बाजू, बाजू!’ करत हातगाडीचा दांडा तुमच्या बरगडीशी येऊन थांबतो. मशीद शोधताय? स्टेशनाचं नाव जिच्यावरून पडलं असं सांगतात, ती यहुद्यांची आहे. 1796 मध्ये स्थापन झालेल्या या सिनेगॉगचं नाव ‘शारे हारहमीम’, पण इथले मराठी यहुदी, म्हणजे बेने इस्रायली मंडळी, तिला ‘जुनी मशीद’च म्हणतात.

डोक्यावर रुमाल टाका. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे पवित्र वचनाच्या डबीला, बोटं लावा, ती ओठांना टेकवा, मग आत. बाहेरचा कालवा एकदम भिंतीपलीकडे राहतो. वर दिवे टांगलेत, त्यांतल्या तेलाचा ऊबदार वास खाली उतरतोय. सज्जात बायका, साड्यांची सळसळ आणि कुणाच्या तरी गजऱ्याचा मोगरा. मखमल आणि चांदीनं मढवलेला तोरा, त्यांचा धर्मग्रंथ. पाय दुखत असतील, पण ती रिकामी खुर्ची सोडून बसा. ती एलियाहू प्रेषितासाठी ठेवलेली असते.

तेलाच्या वासानं तुम्ही थबकलात ना? करडईच्या घाण्याशेजारी वाढलेलं लातूरचं नाक ते. बरोबरच ओळखलंत. हे बेने इस्रायली मूळचे कोकणातले तेली. शनिवारी शब्बाथ पाळायचा, घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं ‘शनवार तेली’.

प्रार्थना संपते. एक आजोबा तुमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतात आणि मग स्वतःची बोटं ओठांना लावतात. ही हातबोशी. ‘कुठले तुम्ही?’ अस्सल मराठी! हिब्रू ऐकून अवघडलेली तुमची मान सैल होते. त्यांचं आडनाव रोहेकर, शेजारी उभे ते पेणकर. तुमच्या गावचा लातूरकर यांच्यात सहज खपून जाईल.

शनिवारी अंधार पडल्यावर जेवायला थांबा. परातीत मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. एलियाहूच्या नावानं प्रार्थना होते आणि मूठभर मलिदा तुमच्या तळहातावर पडतो. साखर अजून पुरती विरघळलेली नाही, दाताखाली कचकचते.

या गर्दीत पुढची चित्रकार सिओना बेंजामिन शोधू नका. ती आता आठ वर्षांची, याच मुंबईत. शिक्षण कॅथलिक आणि पारशी शाळांमध्ये, घरी शब्बाथ. ते तेलाचे दिवे, ती मखमल, ती रिकामी खुर्ची तिच्या मनात राहिली, असं पुढे तिनंच सांगितलंय. पुढे ती इथून हाकेच्या अंतरावरच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकेल, मग अमेरिकेत. तिच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतील. तुम्हाला लगेच कृष्ण आठवेल. तिच्या लेखी निळा हा आभाळाचा, समुद्राचा रंग, कुठल्याच एका मुलखाचा नाही.

आता जरा मोठी उडी. 2011. फुलब्राइटच्या पाठ्यवृत्तीवर ती परत आली आहे, या वेळी हातात कॅमेरा. आपल्याच बेने इस्रायली माणसांचे फोटो काढते आहे. फोटो काढायचा म्हटलं की आपली माणसं कशी ताठ होतात, तुम्हाला ठाऊकच आहे. हे फोटो ती न्यू जर्सीला नेईल आणि मुघल लघुचित्रांच्या वळणानं त्यांच्याभोवती रंगवेल. गुआशचे दाट रंग, वर सोन्याचा वर्ख. मालिकेचं नाव ‘फेसेस’.

मला विचाराल तर खरी करामत त्या वर्खात आहे. त्यातली एखादी बाई लातूरच्या गंजगोलाईत भाजी घेताना दिसली असती, तर ‘मावशी, जरा सरका’ म्हणून तुम्ही पुढे गेला असता. निव्वळ फोटोनं तुम्हाला थांबवलं नसतं. सोन्याच्या महिरपीत तोच चेहरा बसला की पाय जागीच राहतात.

चला, गाडीची वेळ झाली. उरलेला मलिदा पानात बांधून घ्या, आणि कुर्डुवाडीला उतरायला विसरू नका.