बांधाला विचारा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती आणि आमच्या मेहुण्यांनी खारबावला जमीन घ्यायचे मनावर घेतले होते. वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीने भिवंडी येण्याआधी हे स्टेशन लागते. एकीकडे पिवळी पडलेली भाताची खाचरे, दुसरीकडे गुदामांची पत्र्याची छपरे, असा तो मुलूख. गुदामे आली तशी गुंठ्यागुंठ्याला किंमत आली आणि किमतीमागोमाग मध्यस्थही आले. आमचा मध्यस्थ मोठा गोडबोल्या. सातबारा त्याच्या खिशातच होता. "वकील आपल्याच ओळखीचा आहे, दोन्ही बाजूंचे तोच बघेल. उगाच दोन-दोन वकिलांचा खर्च कशाला?" तो म्हणाला. मेहुण्यांना ते पटलेही.

परत फिरताना शेजारच्या खाचरात एक म्हातारे गृहस्थ भात कापीत होते. मी सहज विचारले, "काका, ही जमीन कोणाची हो?" ते कंबर सरळ करून हसले आणि म्हणाले, "कागदाला इचारू नका, बांधाला इचारा."

त्या वेळी मी ते हसण्यावारी नेले. पण पुढे जमिनीच्या खरेदी-विक्रीचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा कळून आले की, हजार वर्षांचे धर्मशास्त्र आणि कायदा म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगून टाकला होता.

कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. तिच्यात जमीन हातची दुसऱ्याकडे कशी जाते, याचा विचार आहे. सहा गोष्टी व्हाव्या लागतात: गावाची संमती, भाऊबंदांची संमती, शेजाऱ्यांची संमती, वारसांची संमती, आणि वर सोने व पाणी यांचे दान. स्थावराची उघड विक्री शास्त्राला रुचत नव्हती, म्हणून तिला दानाचे रूप दिले जाई. शेजाऱ्यांची संमती का? तर पुढे हद्दीचा तंटा होऊ नये म्हणून. गावाची का? तर व्यवहार चारचौघांना ठाऊक व्हावा म्हणून. म्हणजे जमिनीचा व्यवहार दोघांचा नव्हे, अवघ्या गावाचा, हे सूत्र तेव्हाच ठरून गेले होते.

खुद्द भिवंडी तालुक्यात याचे पुरावे आहेत. शिलाहार राजा अपराजिताने शके 919 म्हणजे इ.स. 997 मध्ये भादाणे हे गाव लोनाडच्या लोनादित्याच्या देवळाला दिले, त्याचा ताम्रपट उपलब्ध आहे. तो दानाचा लेख आहे, विक्रीचा नव्हे, हे खरे. पण असे लेख वाचताना आजच्या खरेदीखताची आठवण होते. देणारा कोण, घेणारा कोण, काय दिले, चतुःसीमा कोणत्या, लेख कोणी लिहिला, सारे त्यात येते. नोंदणी कचेरी नव्हती, तेव्हा पहारा शापाने करायचा. शिलाहारांच्या शिळांवर वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात आणि खाली दान मोडणाऱ्याच्या नावाने गाढवाची अभद्र शिवी. चंद्र-सूर्य असेतोवर हक्क टिकावा ही इच्छा, आणि तो मोडणारा निघेल ही खात्री, दोन्ही एकाच दगडावर!

मराठेशाहीत शापाची जागा गोतसभेने घेतली. वतनाचा किंवा मिराशीचा तंटा निघाला की पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि आसपासच्या गावचे शिष्ट एकत्र बसत. निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटलाची निशाणी नांगर, आणि ज्या त्या बलुतेदाराची त्याच्या त्याच्या हत्याराची खूण. अक्षर न येणाऱ्याची साक्षही तितकीच वजनाची होती, हे विसरता कामा नये. विकणारा खतात लिहून देई की, उद्या भाऊबंदांपैकी कोणी कथळा केला तर त्याचे निवारण मी करीन. आज वकील खरेदीखताच्या शेवटी नुकसानभरपाईचे जे कलम घालतात, ते या कबुलीचेच नातवंड.

इंग्रजी अंमलात साक्ष माणसांकडून कागदाकडे गेली. 1864 साली दस्तनोंदणीचा देशव्यापी कायदा झाला. आज चालतो तो 1908 चा. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 चा. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच व्हावी, आणि मालकीतला ठाऊक असलेला दोष विकणाऱ्याने लपवू नये, असे तो सांगतो. 1903 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली. गाव नमुना सात आणि बारा मिळून झालेला सातबारा तिच्याच घरातला.

कागद वाढले तसे कागद वाचणारेही लागले. मुंबईत हायकोर्टाच्या छायेत सॉलिसिटरांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. उमेदवारीची वर्षे काढून तरुण कारकून तिथे खत वाचायला, मालकीचा धागा मागे मागे न्यायला शिकत. 1976 च्या दुरुस्तीने कायद्यातला सॉलिसिटरांचा वेगळा वर्ग संपला, पण त्यांची परीक्षा आणि बिरुद मुंबईत टिकून राहिले. भिवंडी-ठाण्याकडे मात्र सॉलिसिटर नव्हतेच. तिथे वकील आणि कचेरीबाहेर बसणारा दस्तलेखक, यांच्यावर सारा कारभार.

या वकिलाचे खरे काम खत लिहिणे नव्हे, शोध घेणे. पुष्कळांना वाटते, दस्त नोंदला की मालकी पक्की. तसे नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही. सातबाराही विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरा मानायचा. म्हणून वकील निदान तीस वर्षांच्या नोंदी पाहतो. तीसच का? गहाण टाकलेली जमीन सोडवून घेण्याचा दावा करायला 1963 च्या मुदतीच्या कायद्याने तीस वर्षे दिली आहेत. एकोणतिसाव्या वर्षीही गहाणदार दारात उभा राहू शकतो!

ठाणे जिल्ह्यात तर फेरफारांचे वाचन फार बारकाईने करावे लागते. 1948 च्या कुळकायद्याने कुळे मालक झाली, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला. पण अशा जमिनीच्या विक्रीवर कलम 43 ची बंधने आली. त्याच कायद्याने शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावरही निर्बंध घातले. आणि आदिवासींच्या जमिनी अंगठ्यावर अंगठा घेऊन इतक्या हिरावल्या गेल्या की, 1974 साली बिगरआदिवासीला त्या विकण्यावर सरकारी मंजुरीची कडक अट घालावी लागली. सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यातले दोन बारीक शब्द म्हणजे कधी कधी एका कुटुंबाची साठ वर्षांची कहाणी असते.

वकील शेवटी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो: कोणाचा हक्क, वारसा, गहाण वा बोजा असेल तर अमुक दिवसांत कळवावे. ही नोटीस वाचताना मला नेहमी गोतसभा आठवते. विज्ञानेश्वराने सांगितलेली गावाची संमतीच ती, फक्त चावडीवरून छापखान्यात गेलेली.

आमच्या मेहुण्यांचे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. त्या म्हाताऱ्याच्या बोलण्याने मनात पाल चुकचुकली आणि आम्ही स्वतःचा, विकणाऱ्याशी काही संबंध नसलेला वकील केला. शोधाचा लेखी अहवाल मागितला, फी आधी ठरवली आणि अहवाल हाती येईपर्यंत विसार द्यायचा नाही असे ठरवले. वकील स्वतः खारबावला गेले, बांधावर उभे राहिले, चार शेजाऱ्यांशी बोलले. जुन्या वारसनोंदीत बापामागे तीन मुलगे लागले होते. शेजारी म्हणाले, "आणि दोन पोरी!" लग्न होऊन गेलेल्या त्या दोघींची नावे कधी चढलीच नव्हती. 1956 च्या वारसा कायद्याने मुलींना वाटा दिला, 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच. पण खारबावच्या त्या फेरफाराला त्याचा पत्ताच नव्हता.

मध्यस्थ म्हणाला, "हक्कसोडपत्रावर सह्या घेऊ, एकेक साडी दिली की झाले." वकिलांनी मान हलवली. त्या दोघींना बोलावून, दस्त वाचून दाखवून, वाट्याची रक्कम प्रत्येकीच्या खात्यात जमा झाल्यावरच सह्या झाल्या. व्यवहार आठ महिने लांबला. मेहुणे कुरकुरले, पण रात्री सुखाने झोपले.

पुढल्या भाऊबीजेला मेहुणे खारबावला फराळाचा डबा घेऊन गेले. त्या घरी दोघी बहिणी आल्या होत्या. भाऊ थोडे अवघडलेले, पण पाटावर बसलेले होते. ओवाळणीच्या तबकात कोणी काय घातले ते मेहुण्यांनी पाहिले नाही. येताना मात्र बांधावरच्या काकांना त्यांनी चार करंज्या आवर्जून दिल्या.