शास्त्राची दुसरी वाट

शाळेतच उपयोजित विज्ञान शिकवून मुलांना कामधंद्यास तयार करावे, हा विचार नवा नव्हे. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचविल्या : एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यापारउदीम व व्यवहारोपयोगी विषयांची. दुसरी रुजली नाही. नोकरीत किंमत मॅट्रिकला. मग बाप मुलाला तिकडे कशाला धाडील?

पदार्थवैज्ञानिक डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या आयोगाने १९६६ मध्ये दहावीनंतरचे निम्मे विद्यार्थी व्यवसायशिक्षणात असावेत, असे म्हटले. १९८६ च्या धोरणाने १९९० पर्यंत १० टक्क्यांचे लक्ष्य ठेवले, आणि १९९२ मध्ये तीच मुदत १९९५ पर्यंत लांबविली. कोठे निम्मे, कोठे दहा!

प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमात मुलगा रक्त तपासायला शिकतो. रसायन व जीवशास्त्र त्यात आलेच. तरी पालक आम्हां शिक्षकांना एवढेच विचारतात, "सर, पुढे डिग्रीला जाता येईल ना?" त्यांना अडाणी म्हणू नये. हंटरच्या काळातील बापाची अडचण हीच होती.

२०२० च्या धोरणाने वेगळी वाटच नको, व्यवसायशिक्षण सर्व शाळांत मिसळावे, असे ठरविले आहे. आमच्या वर्गात सूक्ष्मदर्शक एक आहे.