उबवणीचा कारखाना



कोंबडी खुडूक बसली की घरातले जाणते माणूस तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवते आणि एकवीस दिवसांनी पिले बाहेर पडतात, हे मी आपल्याला सांगायला नको. आज ज्या गोष्टीची हकीकत सांगायची आहे, तिचे नाव या उबवणीवरूनच पडले. नवा धंदा काढू पाहणाऱ्या माणसाला थोडी जागा, थोडा सल्ला आणि पहिल्या दिवसांत आधार देणारी जी संस्था असते, तिला इंग्रजीत इन्क्युबेटर म्हणतात. इन्क्युबेटर म्हणजे अंडी उबवण्याचे यंत्र. आपल्याकडे कोणी त्याला उद्योग-संवर्धन केंद्र म्हणतात, कोणी उबवणी केंद्र.

ही केंद्रे धंद्यांना मदत करतात, हे खरे. पण माझ्यासारख्या शिक्षकाला वेगळाच प्रश्न पडतो. ज्याच्या मनात धंद्याचा विचार कधी आलाच नव्हता, त्याच्या मनात तो विचार अशा जागेमुळे येतो काय? की जो मुळात धंदा करणारच होता, तोच तेवढा तेथे जाऊन बसतो? याचे उत्तर शोधायला जिथे हे नाव पडले तिथपर्यंत जाऊ या.

अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचे जे राज्य आहे (शहर नव्हे, राज्य), त्याच्या पश्चिम भागात बफेलो आणि रॉचेस्टर या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये बटाव्हिया हे गाव आहे. 1960 च्या शिरगणतीत त्याची वस्ती अठरा हजारांच्या आसपास होती. भोवती शेती, आणि गावात शेतीचीच अवजारे करणारा एक प्रचंड कारखाना. कापणीची यंत्रे करणारी जॉन्स्टन कंपनी 1882 मध्ये या गावी आली. पुढे कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीने ती घेतली. आजोबा, बाप आणि नातू एकाच फाटकातून आत जात, असा तो कारखाना. गावाचा सगळा संसार त्याच्या भोंग्यावर चाले म्हणा ना! आपल्याकडे गिरणगावाने जे पाहिले, ते थोड्या प्रमाणात तेथेही होते.

1950 नंतरच्या दशकात कंपनीने हा कारखाना बंद केला. सुमारे दोन हजार माणसांची रोजी एका फटक्यात गेली. गावातील काम करणाऱ्या दर पाच माणसांतील जवळजवळ एक जण बेकार झाला. मागे राहिली ती इमारत. साडेआठ लाख चौरस फुटांची, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेएकोणीस एकर चटईक्षेत्र, आणि तेही जुनाट.

गावातील मॅन्कुसो नावाच्या व्यापारी कुटुंबाने ही वास्तू विकत घेतली आणि तिचे काय करायचे ते पाहण्याचे काम जोसेफ मॅन्कुसो या तरुणावर सोपवले. हा गृहस्थ तोवर घरचे लोखंडी सामानाचे दुकान सांभाळीत असे. त्याने प्रथम आपण सारेच करतो तेच केले. एखादी मोठी कंपनी यावी आणि सगळी इमारत घ्यावी, म्हणून तो तिची वाट पाहू लागला. तशी कंपनी आली नाही. मग त्याने इमारतीचे तुकडे पाडायचे ठरवले. ज्याला जेवढा गाळा हवा, तेवढा त्याला भाड्याने द्यायचा. 1959 मध्ये बटाव्हिया इंडस्ट्रियल सेंटर या नावाने हे काम सुरू झाले.

पण लहान भाडेकरू आले ते रिकाम्या हातांनी. एकाला हिशेब ठेवता येत नाही, दुसऱ्याला टपालाची उत्तरे लिहायला माणूस परवडत नाही, तिसऱ्याला बँक दारात उभे करीत नाही. मॅन्कुसोने सगळ्यांत मिळून कचेरीची माणसे ठेवली, धंद्याचा सल्ला देऊ केला, कर्ज मिळवायला मदत केली. यात परोपकार कमी आणि व्यवहार जास्त होता, असे मला वाटते. भाडेकरूचा धंदा चालला तरच भाडे मिळणार! पहिल्या भाडेकरूंत द्राक्षाची दारू करणारा एक जण होता आणि कोंबड्यांची पिले उबवणारी एक कंपनीही होती. नवे भाडेकरू मिळवण्यासाठी फिरताना मॅन्कुसो गमतीने म्हणू लागला, की आमच्या इमारतीत कोंबड्या पिले उबवतात आणि आम्ही धंदे उबवतो. थट्टेतले हे नाव पुढे जगभर झाले. अर्थात लगेच नाही. अमेरिकेतसुद्धा ही कल्पना फैलावली ती 1980 नंतर, आणि अशा केंद्रांची राष्ट्रीय संघटना तेथे 1985 मध्ये निघाली.

आता आपला प्रश्न. बटाव्हियातल्या माणसाच्या मनावर या इमारतीने काय केले असेल? ज्या फाटकातून कालपर्यंत मजूर म्हणून आत जायचे, त्याच फाटकातून आता शेजारचा माणूस मालक म्हणून आत जाताना दिसू लागला. आणि तो कोणी शहरातला भांडवलदार नव्हे, आपल्यासारखाच. त्याचा धंदा बुडाला तर जाणार काय? एका गाळ्याचे थोडे भाडे. घरदार नव्हे. माझ्या मते या दोन गोष्टींचे वजन भाड्याच्या सवलतीपेक्षा जास्त आहे.

अमेरिकेतच आल्बर्ट शापिरो नावाच्या अभ्यासकाने 1982 मध्ये हेच सूत्ररूपाने मांडले. माणूस सहसा चालत्या गाड्यातून उतरून धंदा काढीत नाही. नोकरी जाणे, गाव सुटणे असा काहीतरी धक्का बसावा लागतो. पण धक्का बसलेले सगळेच काही धंदा काढीत नाहीत. ते काम करावेसे वाटले पाहिजे, आणि ते आपल्याच्याने होईल असेही वाटले पाहिजे. पुढे 1991 मध्ये आयझेन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या कुठल्याही हेतूबद्दल लिहिताना यात आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले: आपली माणसे काय म्हणतील? ही तिसरी गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण पाठ असलेला बापच मुलाला म्हणतो, बाबा रे, काही झाले तरी नोकरी बघ.

हे सारे अमेरिकेतून आले असे मात्र कोणी समजू नये. नाव तिकडचे, पण कामाचा एक नमुना आपल्या मुलखात त्याच्या पन्नास वर्षे आधी होऊन गेला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. लोक हसले असतील. पण लोकमान्य टिळकांनी या कामाला पाठिंबा दिला आणि त्या पैशा-पैशातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. जपानात आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथील भट्टी पेटवली. हा कारखाना मालासाठी होताच, पण शिकवण्यासाठीही होता. तळेगावात तयार झालेले कारागीर देशातल्या इतर काचकारखान्यांत गेले. स्वतः वार्ष्णेय यांनी पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे काचकारखाना काढला. भट्टीपाशी उभा राहून वितळलेली काच फुंकणाऱ्या मुलाला, काच विलायतेतच होते असे पुन्हा कधी वाटले नसेल. आणि ज्या शेतकऱ्याने एक पैसा दिला, त्याचाही त्या भट्टीत वाटा होता. आपली माणसे काय म्हणतील, या प्रश्नाचे उत्तर काळ्यांनी असे आधीच मिळवून ठेवले होते. मॅन्कुसोपाशी हे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने या कामात हात घातला. केंद्र सरकारचे उद्योजकता विकासाचे राष्ट्रीय मंडळ 1982 मध्ये स्थापन झाले. मुंबईच्या आय.आय.टी.त 2004 मध्ये आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात 2007 मध्ये अशी केंद्रे निघाली. 2016 पासून अटल इनोव्हेशन मिशनखाली ती जिल्ह्याच्या गावांकडेही वळू लागली आहेत.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. हॉलंडमधील एका व्यावसायिक महाविद्यालयात विद्यार्थ्यांना वर्षभर लहानशी कंपनी चालवायला देऊन पाहिली. त्याचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्ष संपल्यावर त्या मुलांची धंदा काढण्याची इच्छा वाढली नव्हती, उलट कमी झाली होती! हे वाचून पुष्कळांना वाईट वाटले. मला तसे वाटत नाही. अंडी उबवायला ठेवल्यावर काही दिवसांनी ती दिव्यासमोर धरून पाहतात. ज्यात जीव धरलेला नाही, ते बाजूला काढतात. कितीही ऊब दिली तरी त्यातून पिलू निघणार नसते. ते एकविसाव्या दिवशी कळण्यापेक्षा सातव्या दिवशी कळलेले बरे नाही काय? धंदा म्हणजे काय हे न पाहताच वडिलांची जमीन गहाण ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना कोणी सातव्या दिवशी सांगितले नाही.

माझा एक विद्यार्थी कुक्कुटपालनाच्या ध्यासाने पछाडलेला होता. दोन महिने तो तालुक्याच्या गावी एका ओळखीच्या माणसाच्या शेडवर राबला. रोगराई पाहिली, खाद्याचे भाव पाहिले, रात्री दिवे गेल्यावर होणारी धावपळ पाहिली. मग येऊन म्हणाला, सर, हे माझ्याच्याने व्हायचे नाही. तो आज शाळेत शिकवतो आणि चांगला शिकवतो. पण त्याच्या डब्याबरोबर शेडवर जाणारा त्याचा धाकटा भाऊ तेथे रमला. शेडच्या मालकाने त्याला स्वतःची म्हणून पन्नास पिले पाळायला एक कोपरा काढून दिला आहे. तो हिशेबाची वही दर महिन्याला थोरल्या भावाला दाखवतो, आणि थोरला त्यातल्या चुका काढतो.