शीर्षकातला गाळलेला शब्द

रॅट पार्कची गोष्ट तुम्ही एखाद्या व्हिडिओत ऐकली असेल. पिंजऱ्यात एकटे ठेवलेले उंदीर मॉर्फिन मिसळलेलं गोड पाणी पीत राहतात. सोबती आणि मोकळी जागा मिळालेले उंदीर मात्र साधं पाणी पसंत करतात. थोडक्यात, दोष पदार्थाचा नाही, पिंजऱ्याचा.

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात ब्रूस अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. १९७८ साली छापून आलेल्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच दोन घटक होते: उंदरांचं राहण्याचं ठिकाण आणि त्यांचं लिंग. वसाहतीत नरही होते, माद्याही. पुढे पहिला घटक कॉमिक्स आणि भाषणांतून जगभर पोचला. दुसरा वाटेतच गळून पडला.

ठिकाणाचा मुद्दा खोटा नव्हता. १९८२ मध्ये शेपर्ड सीगल यांनी हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत सुमारे ३२ टक्के उंदीर मेले, अनोळखी खोलीत ६४ टक्के. खोलीचा वास, उजेड, आवाज यांवरून शरीर आधीच ओळखतं की आता हेरॉइन येणार, आणि तयारीला लागतं. खोली बदलली की ही तयारीच होत नाही. माणसांतही असंच काही दिसलं होतं. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुतेक अमेरिकी सैनिक घरी परतल्यावर पुन्हा व्यसनी झाले नाहीत, असं ली रॉबिन्स यांच्या पाहणीत आढळलं. त्या पाहणीतले सैनिक मात्र सगळे पुरुष होते.

प्रयोगशाळेतही तेच. मादीचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं, त्यामुळे तिचा डेटा वरखाली होणार, असं गृहीत धरून नरच वापरायची पद्धत पडली. मेंदूविज्ञानात फक्त नरांवर केलेले अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाचपट आहेत, असं २०११ च्या एका मोजणीत निघालं. २०१४ मध्ये जवळजवळ तीनशे शोधनिबंध तपासले, तेव्हा त्या गृहीतकातली हवाच गेली: मादी उंदरांचे आकडे नरांपेक्षा जास्त वरखाली होत नव्हते. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, निधी हवा असेल तर प्राण्यांवरच्या प्रयोगांतही लिंगाचा विचार करा, असा नियम लावला.

याने फरक काय पडतो? हेरॉइन स्वतः टोचून घ्यायला मादी उंदीर नरांपेक्षा लवकर शिकतात, हे १९९९ मध्येच दिसलं होतं. आता उंदराला एका कप्प्यात मॉर्फिन आणि दुसऱ्यात नुसतं मिठाचं पाणी टोचतात. नंतर तो कुठल्या कप्प्यात जास्त रेंगाळतो, हे मोजतात. जागा आणि नशा यांची सांगड नर आणि मादी वेगळ्या तऱ्हेने घालत असतील, तर दोघांची मिळून काढलेली सरासरी कोणाचंच खरं सांगणार नाही. कोडमध्ये दोन सेटिंग्ज एकत्र आल्यावरच दिसणारा बग असतो ना, तसंच. एकेक सेटिंग तपासून तो सापडत नाही.

रॅट पार्क पुन्हा करून पाहणाऱ्या सगळ्यांना तेवढा स्वच्छ निकाल मिळाला नाही. त्यामागे कारणं अनेक असतील. पण व्यसनमुक्तीची धोरणं अशा गोष्टींवर उभी राहतात आणि ओपिऑइडच्या गोळ्या बायकाही घेतात. ‘पिंजरा बदला’ म्हणताना आत कोण आहे, हेही विचारावं लागेल. १९७८ च्या शीर्षकाने ते विचारलं होतं.