चाळींची डागडुजी
मुंबईच्या गिरणगावातील एखाद्या चाळीच्या जिन्याचा लाकडी कठडा निखळला, की खर्च मालकाने सोसावा की भाडेकरूने हा तंटा उपस्थित होई. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने ते दायित्व मालकावर ठेवले, आणि त्याने कसूर केल्यास भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करवावी व खर्च भाड्यातून वजा करावा, मात्र वार्षिक भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक नव्हे, अशी तजवीज केली. परंतु भाडे १९४० च्या दरावर गोठलेले, गवंड्याची मजुरी व लाकूड महागत गेलेले. त्या चतुर्थांशात सडकी तुळई बदलणेही दुरापास्त झाले, म्हणून गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती भागत नाही हे मालकांचे गाऱ्हाणे मला बव्हंशी रास्त वाटते. अखेर १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवून तो भार उभयतांवर विभागला.